बोरॉन: दाण्याच्या कुटातलं आणि कॅरमच्या पावडरीतलं

चाळीच्या गॅलरीत किंवा मंडळाच्या खोलीत कॅरमवर भुरभुरतात ती पांढरी, बोटांना सुळसुळीत लागणारी बोरिक पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. दुपारी मूठभर शेंगदाणे खाल्ले की त्यांतलं बोरॉन हे मूलद्रव्य आतड्यातून रक्तात उतरतं, तेही बहुतांश याच बोरिक ॲसिडच्या रूपात. रेणू तोच, फरक फक्त मापाचा. मूठभर दाण्यांतून अर्धा मिलिग्रॅम बोरॉन येतं आणि चहाच्या एका चमचाभर पावडरीत त्याच्या हजारपटीहून जास्त असतं. बोरॉनबद्दल जे काही फॉरवर्ड फिरतात, हाडं मजबूत, सांधेदुखी गायब, ताकद दुप्पट, त्यातला निम्मा गोंधळ हे माप न कळल्यामुळे होतो.

सुरुवात झाडांपासून करू, कारण बोरॉन मुळात त्यांच्या गरजेची वस्तू आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९२३ साली कॅथरीन वॉरिंग्टन यांनी दाखवलं की बोरॉन अजिबात मिळालं नाही तर वालाच्या जातीची एक शेंगभाजी वाढतच नाही, शेंडे काळे पडून मरते. असं का होतं, हे नीट कळायला पुढे सत्तर वर्षं गेली. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते आणि त्या भिंतीत पेक्टिन असतं, म्हणजे जॅम घट्ट करणारा तोच पदार्थ. पेक्टिनच्या दोन साखळ्या एकमेकींना बांधून ठेवायचं काम बोरॉनचा एक अणू करतो. पत्र्याचे दोन तुकडे रिव्हिटने जोडावेत तसं. रिव्हिट कमी पडले की कोवळी भिंत फाटते. फ्लॉवर चिरताना कधी कधी दांडा आतून पोकळ आणि तपकिरी निघतो, त्यामागे अनेकदा जमिनीतल्या बोरॉनची कमतरता असते. नाशिककडचे द्राक्षबागायतदार फुलोऱ्याच्या सुमारास बोरॉन फवारतात, कारण ते कमी पडलं तर फळधारणा बिघडते आणि एकाच घडात मोठे मणी नि बारीक मणी असा खेळ होतो. मुसळधार पावसाच्या जांभ्या जमिनीतून बोरॉन पाण्याबरोबर वाहून जातं, ही कोकणातल्या शेतकऱ्याची जुनी डोकेदुखी.

ही रिव्हिटची गोष्ट लक्षात ठेवली तर कोणत्या पदार्थात बोरॉन जास्त, हे तक्ता न बघताही सांगता येतं. पेक्टिनवाल्या भिंती जाड असतात फळांत, शेंगवर्गात, सुक्या मेव्यात आणि पालेभाज्यांत. गहू, तांदूळ, ज्वारी ही गवताच्या कुळातली. त्यांच्या भिंतीत पेक्टिन कमी, म्हणून बोरॉनही कमी. आणि प्राण्यांच्या पेशींना भिंतच नसते. त्यामुळे दूध, अंडी, मटण, पापलेट या सगळ्यांत बोरॉन नावापुरतंच सापडतं.

आता आकडे. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साधारण ०.४८ मिलिग्रॅम. मोठी मूठभर, सुमारे ४० ग्रॅम मनुकांत जवळपास ०.९. मध्यम सफरचंदात ०.६६, पेरमध्ये ०.५०, संत्र्यात ०.३७, केळ्यात ०.१६, गाजरात ०.१४. कपभर दुधात जेमतेम ०.०४. अर्धी वाटी अॅव्होकाडोत १ मिलिग्रॅमच्या थोडं वर मिळतं, पण एका अॅव्होकाडोच्या पैशात दादरच्या बाजारात किती शेंगदाणे येतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हे आकडे परदेशी तक्त्यांतले आहेत. जमीन बदलली की तेही थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून दुसऱ्या दशांश स्थळावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आपल्या रोजच्या खाण्यावर हे बसवून बघा. साबुदाण्याच्या खिचडीत किंवा काकडीच्या कोशिंबिरीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट पडलं तर पाव मिलिग्रॅम आलं. डब्याबरोबर एक केळं, संध्याकाळी स्टेशनबाहेर चण्या-दाण्यांची एक पुडी, रात्री आमटी किंवा उसळ, मध्ये कधी एक संत्रं. दीड मिलिग्रॅमच्या आसपास सहज पोचतो. अमेरिकेत प्रौढ माणसाच्या आहारातून रोज साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम जातं आणि शाकाहारी लोकांचं थोडं जास्त भरतं. खरी कमतरता कुणाच्या ताटात? जो सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि मासे, रात्री चपाती-अंडं असं खातो, फळाला हात लावत नाही आणि डाळही पातळच घेतो, त्याच्या.

शिजवण्याबद्दल एक बारीक गोष्ट. बोरॉन हे मूलद्रव्य आहे, जीवनसत्त्व नव्हे, त्यामुळे उष्णतेने ते नष्ट होत नाही. पण ते पाण्यात सहज उतरतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर त्यातलं काही गटारात जातं. तेच कट म्हणून वापरलं तर पोटात येतं.

शरीरात गेल्यावर काय होतं? खाल्लेल्या बोरॉनपैकी ८५ ते ९० टक्के शोषलं जातं, म्हणजे लोहासारखे नखरे नाहीत. रक्तात ते बोरिक ॲसिड म्हणून फिरतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे काढून टाकतात. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो. साठा असा होत नाही, पण हाडं, नखं आणि केस यांत ते इतर अवयवांपेक्षा जास्त आढळतं. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की रक्ततपासणीतून बोरॉनची कमतरता ठरवता येत नाही. तो आकडा गेल्या एक-दोन दिवसांत काय खाल्लं एवढंच सांगतो. कुणी ‘फुल मिनरल प्रोफाइल’मध्ये बोरॉन कमी आलंय असं सांगून गोळ्या विकायला लागला, तर खिशावर हात ठेवा.

माणसाला ते आवश्यक आहे का, यावर मात्र शिक्का बसलेला नाही. एखादं खनिज आवश्यक ठरायला ते शरीरात नेमकं कुठे बसतं हे दाखवावं लागतं. लोह हिमोग्लोबिनमध्ये बसतं, आयोडीन थायरॉइडच्या संप्रेरकात. बोरॉनची अशी ठरलेली खुर्ची माणसात अजून सापडलेली नाही. सापडलेत ते धागे. बोरिक ॲसिडला शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असलेले रेणू आवडतात. ते त्यांना चिकटतं आणि सुटतं. रायबोज ही साखर तशीच असते आणि ती पेशीतल्या ऊर्जेच्या व्यवहारात जागोजागी आहे. त्यामुळे बोरॉन अनेक रासायनिक क्रियांचा वेग थोडाथोडा कमी-जास्त करत असावं, असा तर्क आहे. बोरॉनशिवाय वाढवलेल्या बेडकांच्या आणि झेब्राफिश माशांच्या गर्भांची वाढ बिघडते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली त्याला ‘बहुधा आवश्यक’ या वर्गात टाकलं. म्हणून लोह-कॅल्शियमसारखा ‘रोज इतकं खा’ असा आकडा बोरॉनला अमेरिकेत नाही, युरोपातही नाही.

हाडांचं आणि गुडघ्यांचं खरं किती

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा प्रयोग फॉरेस्ट नीलसन यांचा. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, ग्रँड फोर्क्सच्या सरकारी पोषण केंद्रात तो झाला आणि १९८७ साली प्रसिद्ध झाला. पाळी थांबलेल्या ४८ ते ८२ वयाच्या १२ बायका संशोधन केंद्रातच राहिल्या. ११९ दिवस त्यांना रोज फक्त ०.२५ मिलिग्रॅम बोरॉनचा आहार दिला. मग त्यावर रोज ३ मिलिग्रॅम जादा बोरॉन द्यायला सुरुवात केली. लघवीतून वाहून जाणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी झालं, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढलं. ज्यांच्या आहारात मॅग्नेशियम कमी होतं त्यांच्यात फरक जास्त दिसला.

आशादायक, यात शंका नाही. पण कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जाहिरातीत या प्रयोगाची पहिली अर्धी बाजू गाळलेली असते. त्या बायकांना आधी चार महिने बोरॉनवाचून ठेवलं होतं. उपाशी माणसाला ताट वाढलं तर अंगात ताकद येते. पोटभर जेवलेल्याला दुसरं ताट वाढून ती दुप्पट होत नाही. नंतरच्या प्रयोगांत, जिथे बायका आधीपासून नेहमीचा आहार घेत होत्या, तिथे कॅल्शियमवरचा परिणाम कधी दिसला, कधी नाही. बोरॉनमुळे हाड मोडण्याचं प्रमाण घटतं असं दाखवणारा मोठा, वर्षानुवर्षं चाललेला प्रयोग झालेला नाही. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पुरेसं प्रोटीन आणि अंगावर भार पेलणारा व्यायाम हे आधी. बोरॉन त्या रांगेत बरंच मागे.

मेंदूवरही त्याच केंद्रात प्रयोग झाले. ज्यांना बोरॉन अगदी कमी दिलं त्यांची लक्ष ठेवण्याच्या आणि हाताच्या चपळाईच्या चाचण्यांत कामगिरी थोडी खाली आली आणि मेंदूच्या विद्युत लहरींतही फरक दिसला. इथेही तुलना ‘जवळपास शून्य’ आणि ‘पुरेसं’ यांची आहे, ‘पुरेसं’ आणि ‘जास्त’ यांची नव्हे.

गुडघेदुखीचं प्रकरण जास्त गाजलेलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संधिवाताच्या २० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम बोरॉन दिलं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. बोरॉनवाल्या १० पैकी ५ जणांना बरं वाटलं, दुसऱ्या गटात एकालाच. वाचायला छान वाटतं, पण वीस माणसं म्हणजे एका चाळीच्या एका मजल्यावरची वस्ती. एवढ्याशा गटात दोन-तीन जण इकडचे तिकडे झाले तरी निकाल फिरतो. त्यानंतर फळांतल्या बोरॉनसारखंच कॅल्शियम फ्रुक्टोबोरेट देऊन काही लहान, थोड्या आठवड्यांचे प्रयोग झाले. त्यांत दुखणं थोडं कमी झालं. डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचाराला जोड म्हणून कुणी ३ ते ६ मिलिग्रॅम घेऊन बघितलं तर ते वेडेपणाचं नाही. त्याच्या भरवशावर व्यायाम आणि वजन कमी करणं सोडून देणं मात्र वेडेपणाचंच.

जिममध्ये सांगतात ती टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, गोष्ट दोन ओळींत संपते. १९९३ च्या प्रयोगात शरीरसौष्ठव करणाऱ्या १९ पुरुषांपैकी १० जणांनी सात आठवडे रोज २.५ मिलिग्रॅम बोरॉन घेतलं, बाकीच्यांनी खोटी गोळी. टेस्टोस्टेरॉन, ताकद, स्नायू दोन्ही गटांत सारखेच वाढले, म्हणजे श्रेय डंबेल्सचं. २०११ साली ८ पुरुषांना आठवडाभर १० मिलिग्रॅम देऊन उलट निकाल आला आणि जाहिरातवाले तेवढाच दाखवतात.

लेबल वाचताना

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या काही गोळ्यांत, मल्टिव्हिटॅमिनमध्येही, बोरॉन असतं. लेबलवर कधी बोरॉनचा आकडा दिलेला असतो, कधी सोडियम बोरेटचा म्हणजे बोरॅक्सचा. या दोन्हींत जवळपास नऊ पटींचा फरक आहे. बोरॅक्सच्या स्फटिकात वजनाच्या ११.३ टक्केच बोरॉन असतं. उरलेलं सोडियम, ऑक्सिजन आणि पाणी. म्हणून ‘सोडियम बोरेट २६ मिलिग्रॅम’ असं लिहिलं असेल तर त्यात खरं बोरॉन ३ मिलिग्रॅम. बोरिक ॲसिडमध्ये हे प्रमाण १७.५ टक्के. ‘एलिमेंटल’ हा शब्द आकड्यापुढे असेल तर तो थेट बोरॉनचा आकडा समजायचा.

वरची मर्यादा प्रौढांसाठी अमेरिकेत रोज २० मिलिग्रॅम आणि युरोपात १० मिलिग्रॅम धरतात. दोन्हीकडे हिशेब एकाच उंदरांवरून केलाय, ही गंमत. गाभण उंदरांना किलोमागे रोज ९.६ मिलिग्रॅम बोरॉन दिलं तोवर पिल्लांच्या वजनावर परिणाम दिसला नाही. त्यापुढे पिल्लं कमी वजनाची निघाली. उंदीर आणि माणूस यांतला फरक झाकायला अमेरिकेने हा आकडा ३० ने भागला, युरोपने ६० ने. म्हणजे १० की २० हा सावधगिरीतला फरक आहे, शास्त्रातला नाही. मुलांसाठी अमेरिकी मर्यादा बरीच खाली आहे: १ ते ३ वर्षांना ३ मिलिग्रॅम, ४ ते ८ ला ६, ९ ते १३ ला ११, त्यापुढे १८ पर्यंत १७. जेवणातून ही मर्यादा ओलांडणं फार कठीण. ओलांडली जाते ती गोळ्या एकावर एक चढवल्या की.

काहींनी गोळीच्या रूपात बोरॉन घ्यायचंच नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, कारण बाहेर पडायची वाट तीच एक आहे. गरोदर बायकांनी, वर सांगितलेल्या उंदरांच्या कारणाने. आणि स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या, इस्ट्रोजेनशी संबंध असलेल्या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. दाणे, फळं, उसळी यांना ही मनाई लागू नाही.

टाकणखाराची लाही

आता घरातली जुनी गोष्ट. बोरॅक्सला मराठीत टाकणखार म्हणतात. झवेरी बाजारात सोन्याला डाग लावताना सोनार तो वापरतो. पूर्वी तो तिबेट-लडाखकडून यायचा, लडाखच्या पुगा खोऱ्यात तो जमिनीवरच सापडतो. आजीच्या बटव्यातही तो असायचा. तोंड आलं की टाकणखार तव्यावर भाजायचा, तो मक्यासारखा फुगतो, ती लाही कुटून मधात कालवायची आणि जिभेला, हिरड्यांना लावायची. तान्ह्या बाळांनाही हेच लावत.

फुगतो का? स्फटिकात अडकलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. आणि पाणी गेलं की तेवढ्याच वजनात बोरॉन जास्त उरतं. सगळं पाणी उडालं तर ११ टक्क्यांचे २१ टक्के होतात. म्हणजे लाही हा टाकणखाराचा सौम्य अवतार नसून जवळजवळ दुप्पट तीव्र अवतार आहे. चिमूटभर म्हणजे पाव-अर्धा ग्रॅम धरा. पाव ग्रॅम लाहीत ५० मिलिग्रॅमच्या वर बोरॉन भरतं. दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे, हे शेजारी ठेवून बघा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये बाळाच्या चोखणीला मध आणि बोरॅक्स लावायची पद्धत होती. तिथे १९८३ साली डॉक्टरांनी सात बाळांची नोंद छापली. सगळ्यांना आठवडेच्या आठवडे रोज थोडं थोडं बोरॅक्स गेल्याने झटके यायला लागले होते आणि ते बंद केल्यावर थांबले. बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर बोरिक पावडर टाकण्याची पद्धतही अशाच कारणाने मोडीत निघाली. धड कातडीतून बोरिक ॲसिड फारसं आत जात नाही, सोललेल्या कातडीतून जातं. बाळाच्या तोंडाला, पुरळाला हे दोन्ही नको. आजीला वाईट वाटेल, पण नको. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो.

मोठ्यांनी ‘डिटॉक्स’ म्हणून पाण्यात बोरॅक्स घालून प्यायचं फॅड समाजमाध्यमांवर आलं होतं. चहाच्या चमच्यात साधारण चार-पाच ग्रॅम बोरॅक्स बसतं. त्यात बोरॉन ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या ढिल्या मर्यादेच्याही २५ पट. शंभर वर्षांपूर्वी बोरॅक्स लोणी आणि मांस टिकवायला सर्रास घालायचे. १९०२ साली अमेरिकी सरकारचे रसायनतज्ज्ञ हार्वी वाइली यांनी वॉशिंग्टनमध्ये तरुण स्वयंसेवकांना जेवणातून ते खायला घालून बघितलं. मात्रा वाढली तशी भूक गेली, डोकं दुखायला लागलं, पोट बिघडलं. आज युरोपात ते फक्त माशाच्या महागड्या अंड्यांत चालतं, भारतात खाण्याच्या पदार्थांत टिकवण्यासाठी मान्य नाही. वाण्याकडे मिळणारा पापडखार आणि खायचा सोडा वेगळे, त्यांत बोरॉन नसतं. नावं सारखी वाटली म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

पाण्याचं थोडक्यात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम बोरॉन ही स्वीकार्य मर्यादा आहे. मुंबईला येणारं पाणी पावसावर भरणाऱ्या धरण-तलावांचं, तिथे हा प्रश्न उठत नाही. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे ४.५ मिलिग्रॅम असतं. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा महापालिकेचा प्रकल्प ठरला आहे आणि अशा कुठल्याही प्रकल्पात बोरॉन हा त्रासदायक पाहुणा असतो. बोरिक ॲसिडचा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला. मीठ अडवणारा आरओचा पडदा त्याला पुरता अडवू शकत नाही. म्हणून पाण्यात अल्कली घालून, बोरॉनवर भार चढवून, ते दुसऱ्यांदा पडद्यातून काढावं लागतं. घरच्या आरओमध्ये ही सोय नसते. आपल्या तलावाच्या पाण्याला तिची गरजही नाही.

राहिली ती घरातली पावडर. कॅरमची पुडी आणि सिंकखाली ठेवलेल्या, कणीक-साखर-बोरिकच्या झुरळांच्या गोळ्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. त्या गोड असतात. एखाद्या मुलाने कॅरम खेळून बोटं चाटली तर घाबरायचं कारण नाही, हात धुवायला लावा. चमचाभर तोंडात गेल्याची शंका असेल तर उलटी काढायला जाऊ नका, मीठ-पाणी पाजू नका. तोंड पुसून, पुडी किंवा गोळीचा डबा बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. पुडीवरचं प्रमाण आणि मुलाचं वजन या दोन गोष्टी डॉक्टर आधी विचारतील. विषबाधेत विष शोषून घ्यायला सहसा देतात तो औषधी कोळसा बोरिक ॲसिडला नीट धरत नाही, त्यामुळे सलाइन आणि लघवीवर लक्ष ठेवणं हाच मुख्य उपचार, आणि फारच जास्त गेलं असेल तर डायलिसिस. उलट्या-जुलाब निळसर-हिरवट दिसायला लागले, कातडी उकडल्यासारखी लाल झाली किंवा मूल विचित्र चिडचिडं झालं, तर वाट बघू नका. आणि ‘काही होत नाहीये’ म्हणूनही रात्र काढू नका, कारण कातडीची लाली कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटते.